पहिल्याच दिवशी शेवटचा प्रसंग

सव्वीस वर्षांचे असताना त्यांना नाटकात पहिल्यांदा म्हाताऱ्याचं काम मिळालं आणि तेव्हापासून सगळे त्यांना आबा म्हणू लागले. त्यांच्या बायकोचं कपडे अल्टर करून देण्याचं छोटं दुकान आहे. ती सांगते, "लग्न झालं तेव्हा यांची तिशीही उलटली नव्हती, आणि लोक मला आजी म्हणायला टपलेले." पुढची पंचवीस वर्षं आबांनी सासरे, न्यायाधीश आणि पेन्शनर रंगवले. केस खरोखरच पिकले तेव्हा मेकअपवाल्याचं काम निम्म्यावर आलं, एवढाच काय तो फरक पडला.

चित्रपटाचं बोलावणं आलं ते त्रेपन्नाव्या वर्षी. एका तरुण दिग्दर्शिकेनं त्यांचं नाटक तीनदा पाहिलं होतं. राहतं घर विकून मुलाकडे जाणाऱ्या निवृत्त लिफ्टमनची मुख्य भूमिका तिनं त्यांना देऊ केली. निर्मात्याला मात्र पडद्यावरचा ओळखीचा चेहरा हवा होता. "दोन दिवस बघू," एवढं म्हणून तो तूर्त गप्प बसला होता.

हे आबांना ठाऊक होतं. शूटिंग शेवटापासून सुरू होणार, हे मात्र तिथे गेल्यावरच कळलं. घरातलं सामान तिसऱ्या दिवशी येणार होतं, म्हणून रिकाम्या घरातला अखेरचा प्रसंग आधी उरकायचा होता. आबांनी नव्या मालकाच्या हातात किल्ली द्यायची आणि म्हणायचं, "खिडकी जपून उघडा, झडप निखळते." बस्स.

अकरा टेक झाले. शब्द चुकला नाही, आवाज चढला नाही. तरी दिग्दर्शिका मॉनिटरसमोरून उठून आली.

"आबा, हे घर तुमचं वाटत नाहीये."

"कसं वाटेल? मी सकाळी साडेनऊला पहिल्यांदा आत आलोय."

सगळे हसले. ती हसली नाही. "उद्या दहाला पुन्हा घेऊ," ती हळू आवाजात म्हणाली. "त्यानंतर निर्मात्याला थोपवणं माझ्या हातात नाही."

घरी बायको एका पँटची शिवण उसवत बसली होती.

"झालं?"

"उद्या हाकलतील बहुतेक."

"का? नाटकात तर जमतं."

"नाटकात मी पहिल्यापासून असतो. शेवट येईपर्यंत दोन तास तो माणूस अंगात मुरलेला असतो. इथे काय, जागेवर उभे राहा आणि घर सोडा."

"मग उद्याही पहिल्यापासून असा की," ती धागा ओढत म्हणाली. "दार कोण उघडून देईल?"

सकाळी साडेसहाला वॉचमननं दार उघडून दिलं. बायकोनं येताना झाडू आणला होता. "रिकाम्या हातांचं काय करायचं, हे तुम्हाला कधीच कळलं नाही," ती म्हणाली. मग रंगाची रिकामी बादली उपडी घालून त्यावर बसली, चष्मा चढवला आणि पटकथेच्या पहिल्या पानापासून मुलगा, सून, शेजारी, दलाल अशी सगळ्यांची वाक्यं वीजबिल वाचावं तशी वाचू लागली. आबा खोल्या झाडता झाडता उत्तरं देत होते. त्यांनी ओटा पुसला, फरशी धुतली, खिडक्या उघडून पाहिल्या. चाळिसाव्या पानावर मुलगा म्हणतो, "बाबा, आता पुरे ना." बायकोनं तेही त्याच सुरात वाचलं. आबांचा हात खिडकीच्या कडीवर थांबला. वाक्य आठवत नसेल असं वाटून तिनं त्यांचं उत्तरही वाचून दाखवलं. त्यांना आठवत होतं.

दहाला कॅमेरा सुरू झाला. आबांनी किल्ली दिली, खिडकीचं सांगितलं. मग पटकथेत नसलेलं बोलले, "आणि बाथरूमचा नळ उलटा बसवलाय. डावीकडे फिरवलात की बंद होतो."

समोरचा नट गडबडून "बरं" म्हणाला आणि खरोखरच बाथरूमकडे बघू लागला. 'कट' जरा उशिराच आलं.

"नळाचं कुणी लिहिलं?" दिग्दर्शिकेनं विचारलं.

"कुणी नाही. जाऊन बघा."

निर्मात्यानं तो टेक दोनदा पाहिला आणि सगळ्यांसाठी चहा मागवला. ओळखीच्या चेहऱ्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

चित्रपट अकरा आठवडे चालला. पुढच्या वर्षी आबांना दोन कामं मिळाली, त्याच्या पुढच्या वर्षी चार. आता बसस्टॉपवर लोक वळून बघतात. शूटिंगच्या जागी त्यांना दोन तास आधी दार उघडून द्यायचं, हे सगळ्या युनिटना पाठ झालंय. "आबांचं झाडून व्हायचंय," असा निरोप आला की लाइटवाले निवांत नाश्ता करतात.

तिसऱ्या चित्रपटाला मात्र बायकोनं यायला नकार दिला. "शाळा उघडायच्यात, गणवेशांचा ढीग पडलाय. तुम्हीच या दुकानात." तेव्हापासून पानं मशीनच्या दिव्याला चिमट्यानं अडकवलेली असतात. आबा स्टुलावर बसून सुरुवात करतात आणि ती शिवता शिवता बाकीच्यांचं वाचते. परवा एक गिऱ्हाईक दारातच घुटमळलं. आत आबा सुनेला घराबाहेर काढत होते.

"नंतर येऊ का?" गिऱ्हाइकानं विचारलं.

"या हो, आत या," ती म्हणाली. "सून मीच आहे. पँट किती आखूड करायची?"