कावीळ नव्हती

दत्ता गेल्याचे फोन नानानंच केले. पुण्याला, टाकव्याला स्वतःच्या लेकीच्या सासरी, सगळीकडे एकच वाक्य. "कावीळ झालती, हाताला न्हाई लागला." मी दवाखान्याच्या जिन्यात बसले होते आणि वरच्या कठड्याशी उभ्या असलेल्या माझ्या सख्ख्या थोरल्या भावाचा आवाज ऐकत होते. रडायचं सोडून ऐकतच राहिले... इतकं सफाईदार खोटं बोलणारा माणूस आमच्याच आईच्या पोटी कसा आला, ते मला तेव्हा कळेना, अजूनही कळत नाही. म्हणून हे लिहितेय. माझ्या धाकट्या भावाला कावीळ नव्हती. त्याला एचआयव्ही होता, आणि त्यावरचं औषध वेळेवर सुरू होऊ दिलं नाही म्हणून तो मेला. हे छापायची परवानगी त्याच्या बायकोनं, सुनीतानं दिलीय. नानाला मी विचारलेलं नाही, विचारणारही नाही.

दत्ता लोणावळ्यात पर्यटकांची गाडी चालवायचा. धुक्यात दरीचा मागमूस नसताना लोक कुरकुरायला लागले, की हा कठड्यापाशी उभा राहून हात लांब करायचा, "ती बघा, डाव्या हाताला पांढरी धार दिसतीय का? तितं माझ्या मामाचं घर." मामा कधी आमच्या वडिवळे गावाच्या पलीकडं राहिला नाही. पण लोक हसायचे, पांढऱ्या धुक्याचे फोटो काढायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्यालाच फोन करायचे. ओढ्याला खेकडे निघाले, की कुसगावला माझ्या दारात पिशवी घेऊन हजर. "आक्का, रस्सा कर. झणझणीत कर, दाजींना सोसंना तर त्यांना वरणभात वाढ." माझे मिस्टर त्याच्यावर चिडल्यासारखं करायचे आणि त्याच्याच पानातला खेकड्याचा नांगा पळवायचे. हा असा माणूस. त्याला हा आजार कुठून लागला, असं मला आता पुष्कळजण खासगीत विचारतात. ज्याला हा प्रश्न पडतो त्यानं आपल्या घरचं बघावं.

हर्नियाच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं, त्यात कळलं. सोबत नाना होता. आमचे आबा लवकर गेले, दत्ताला नानानंच वाढवलं, त्यामुळं दत्ता त्याच्या शब्दाबाहेर नव्हता. गावातसुद्धा नानाला विचारल्याशिवाय पान हलत नाही. दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी दोघांना समोर बसवून नीट समजावलं होतं. दिसायला ठणठणीत आहात, पण आतली ताकद फार उतरलीय. गोळ्या याच आठवड्यात सुरू करू, सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात. रोज न चुकता घेतल्या तर म्हातारे व्हाल, नातवंडं खेळवाल. बायकोलाही तपासणीला आणा. घाटात दत्ताच्या फोनला रेंज नसते, म्हणून त्यानं बाईंना नानाचा नंबर दिला. तिथंच घात झाला.

दिवस आवणीचे होते. आमच्याकडं भाताची आवणी, म्हणजे लावणी, सावडीनं होते, आज तुमच्या खाचरात, उद्या आमच्या. आपली पाळी आली की सगळी सावड आपल्या घरी जेवायला. नाना म्हणाला, "घरात मानसांची येजा हाय. गोळ्यांची बाटली कुनाच्या नजरंला पडली तर काय सांगशील? आवणी हू दे." आवणी झाली. मग गौरी-गणपतीला पाहुणे. मग नानाच्या लेकीची टाकव्याची सोयरीक जमत आली. "तोंडाशी आलेला घास हाय, दत्ता. लगीन हू दे, मग मीच तुला घिऊन जातो. आन तुला झालंय काय? पोतं उचलतोयस की!" पोतं उचलता येतंय म्हणजे माणूस बरा, हे आमच्या घरचं वैद्यक. दत्तानं ऐकलं. सुनीताला नानानं कळूच दिलं नाही, आणि मला तर नाहीच नाही. माझी जीभ त्याला पक्की ठाऊक आहे.

लग्नाच्या वरातीत दत्ता पुतणीपुढं नाचला. नाचताना खोकत होता, सदरा खांद्यावरून घसरत होता. मी म्हटलं, वाळलास रे. तर म्हणतो, "लगीनघरातला गडी हाय आक्का, वाळनारच." हळद उतरते न उतरते तोच तो अंथरुणाला खिळला. खोकला टीबीचा निघाला, टीबी मेंदूत गेला होता. दवाखान्यात त्यानं मला जवळ बोलावलं, सगळं सांगितलं आणि म्हणाला, "नानाला बोलू नगंस, त्याला काय ठावं..." मी मान हलवली. पण दुसऱ्याच दिवशी त्या समुपदेशक बाई खाटेपाशी आल्या आणि दत्ताला बघून त्यांचे डोळे भरले. "अहो, आम्ही किती फोन केले! दर वेळी यांचे भाऊ सांगायचे, तो मुंबईला राहायला गेला, नवा नंबर माहीत नाही." नाना खिडकीशी उभा होता. त्यानं वळूनसुद्धा बघितलं नाही. दत्ताला तेव्हा शुद्ध नव्हती, तेवढंच बरं. नाहीतर तेही ऐकून त्यानं नानाचीच बाजू घेतली असती.

दत्ता गेला, आणि घर सुतकात बसलं. सुनीताची तपासणी झालेलीच नव्हती. मी विषय काढला तर नाना म्हणतो, "तेरावं हू दे. सुतकात बाई उंबऱ्याभायेर काडत्यात व्हय? लोकं श्यान घालतील तोंडात." आवणी हू दे, लगीन हू दे, आता तेरावं हू दे! माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी म्हटलं, "सुतक देवाला लागतं नाना, दवाखान्याला नाही. आडवा येऊन बघ." सुनीता कोपऱ्यात बसली होती, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत. दत्ताच्या मागं तिनं भाकरीचा तुकडा मोडला नव्हता. "वन्सं, मला न्हाई जगायचं," म्हणाली. मी तिच्यापुढं तिच्या लेकीला उभं केलं आणि म्हटलं, हे हिला सांग. मग ती उठली. भर दुपारी, सगळ्या आळीदेखत, आम्ही तिघी रिक्षात बसलो. दवाखान्याचे फोन नानानं कसे उडवून लावले, तेही मी सुनीताला सांगितलं. पोरीला काही निघालं नाही. सुनीताला निघालं. बाकीच्या तपासण्या करून लगेच तिच्या गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. त्या शब्दांनी मला आनंद व्हायला हवा होता. मला नानाचं नरडं धरावंसं वाटलं.

दहाव्याला नदीवर हे गाव लोटलं. प्रवचन झालं, श्रद्धांजल्या झाल्या, नानानं डोळे पुसत "काविळीनं माजा लक्षुमन नेला" म्हणून घेतलं. पिंड ठेवले. कावळा काही शिवेना. मग रीतीप्रमाणं नाना हात जोडून पुढं झाला. पोरीचं शिक्षण करीन, घराला पत्रे नवे घालीन, सुनीताला काय कमी पडू देणार न्हाई... कावळे बाभळीवर बसून बघतायत. मी म्हटलं, "नाना, फोनचं सांग." तो म्हणाला, कसला फोन. मी तोंड उघडणार तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून सुनीता उभी राहिली. ही बाई गावात कधी मोठ्यानं बोललेली नाही.

"नाना," ती म्हणाली, "त्येंना एचआयव्ही व्हता. मलाबी हाय. माज्या गोळ्या चालू झाल्यात. आता दवाखान्यातनं फोन आला तर मला द्या."

कावळा शिवला का, असं मला नंतर लोकांनी विचारलं. कुणाला बघायचं होतं कावळ्याकडं! मी नानाचं तोंड बघत होते. भाऊबीजेला मी त्याला ओवाळणार नाही, हे तिथंच ठरवलं. माफ कर, मोठा आहे, असं सांगायला येणाऱ्यांना मी चहा पाजते आणि वाटेला लावते.

गेल्या आठवड्यात वडिवळ्याला गेले होते. सुनीता आता जेवणानंतर सगळ्यांच्या मधोमध बसून गोळी घेते. आडोसा नाही, पदर नाही. दत्ताला तांब्याला तोंड लावून पाणी प्यायची खोड होती. आई शिव्या घालून थकली, पण खोड गेली नाही. नवऱ्याच्या असल्या खोडीवर पूर्वी सुनीताही नाक मुरडायची. आता ती म्हणते, "नाना, तांब्या द्या जरा." धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराला पाणी मागते, आणि तो उठून देतो. ती तांब्याला तोंड लावून घटाघटा पिते आणि तांब्या त्याच्याच ताटापाशी ठेवते. पाण्यातून काही होत नाही, हे समुपदेशक बाईंनी नानाला पहिल्याच दिवशी सांगितलेलं आहे. मी गेले त्या दिवशी त्याला भाकरीचा ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं, तरी हात पुढं होईना. त्यानं आमच्या दोघींकडं बघितलं. शेवटी तांब्या उचलला आणि प्यायला. सुनीता म्हणाली, "सावकाश, नाना." मी माझी भाकरी पोटभर खाल्ली.