बाहेरून कडी

कुलूपवाल्याला सगळा बाजार ‘वकील’ म्हणायचा, कारण कुणी साधी किल्ली करून घ्यायला आलं तरी हा त्याची उलटतपासणी घ्यायचा. कुठल्या दाराची? जुनी कुठे गेली? हरवली की कुणी नेली? गिऱ्हाइकं वैतागून शेजारच्या दुकानात जायची. बायको म्हणायची, “अहो, माणूस कुलूप मागतोय तर कुलूप द्या ना. नसत्या चौकशा हव्यात कशाला?” पण वकील ढिम्म हलायचा नाही. जाणाऱ्यांनी खुशाल जावं, असं त्याचं म्हणणं.

या हट्टामागे एक जुनं दुखणं होतं. धंद्यात नवा असताना त्याने एका खोलीला, मागितली म्हणून, बाहेरून कडी बसवून दिली होती. शेवटचा स्क्रू पिळताना आतून कुणीतरी दार ठोठावलं. “तिकडे लक्ष देऊ नका,” घरमालक म्हणाला, आणि याने खरंच दिलं नाही. हत्यारं गोळा करून गुपचूप निघून आला. त्याची लाज त्याला अजून वाटते.

म्हणूनच एका सकाळी एक बाई धापा टाकत आली आणि “वडिलांच्या खोलीला बाहेरून कडी हवी, आजच्या आज,” म्हणाली, तेव्हा त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण हिला हाकलून दिलं तर ही दुसऱ्याकडून कडी बसवून घेणार, हेही त्याला कळत होतं.

“आधी खोली बघतो,” तो पिशवी उचलत म्हणाला.

वाटेत तिने सगळं सांगितलं. ती कामावर गेली की वडील दुपारी घराबाहेर पडतात. गेल्या महिन्यात तीनदा चौकात नुसते उभे सापडले, आणि लोकांनी त्यांच्या खिशातला नंबर बघून तिला फोन केला. “भ्रम झालाय त्यांना. एखाद दिवशी गाडीखाली येतील,” ती म्हणाली.

वडील खाटेवर बसले होते. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस, आता बोटं पार आखडलेली. वकिलाने त्यांच्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि पिशवी खाली ठेवली.

“मी कडी बसवणार नाही.”

“मग आलात कशाला? मी कडी मागितली होती, सल्ला नाही!”

“सल्ला देतंय कोण? मला फक्त एक विचारायचंय, आणि तेही तुम्हाला नाही.” तो वडिलांसमोर खाली बसला. “बाबा, दुपारी जाता कुठे?”

म्हाताऱ्याने लेकीकडे पाहिलं, मग मान खाली घातली. “वाचनालयात.”

“वाचायला?”

“नाही हो. संडासला.”

घरातल्या संडासाच्या दाराला नवी गोल, गुळगुळीत मूठ बसवली होती. ती त्यांच्या बोटांत फिरत नव्हती. एकदा ते आत दोन तास अडकले, हाका मारून घसा बसला, शेवटी कशीबशी मूठ फिरली; तेव्हापासून आत जायचीच धास्ती. वाचनालयातल्या संडासाचं दार नुसतं ढकललं की उघडतं. वाटेतला चौक ओलांडायची मात्र भीती वाटते, म्हणून गाड्या थांबेपर्यंत उभे राहतात. लोकांना वाटतं, म्हातारा वाट चुकला.

वकिलाने ती मूठ काढून दांड्याचं हँडल बसवलं. म्हाताऱ्याने ते कोपराने दाबलं. दार उघडलं. त्यांनी ते पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं.

“बाबा, मला सांगायचं नाही का?” लेक रडवेली झाली.

“काय सांगू, संडासात अडकलो म्हणून? आणि तू विचारलंस कधी? तू थेट कडीच आणायला गेलीस.”

ती मटकन खाटेवर बसली. वकिलाच्या तोंडात दोन खरमरीत वाक्यं तयार होती, पण तिचा चेहरा बघून त्याने ती गिळली.

“आता बाहेर जायची गरज नाही ना पण?” तिने शेवटी विचारलं.

म्हातारा चपला शोधत होता. “गरज नाही. तरी जाणार. महिनाभर नुसता त्यांचा संडास बघून परत येतोय, आज पेपर वाचणार आहे.”

ती उठली, दारापर्यंत गेली, आणि बाजूला झाली.