गेममधला फाट्याचा रस्ता

तिघं मित्र रोज संध्याकाळी एका कॉम्प्युटरसमोर बसले की काम अर्धा तास होतं आणि उरलेल्या वेळात किस्से तयार होतात. आमच्याकडे ते इतके साठलेत की आता कुणाला तरी सांगून मोकळं व्हायला हवं.

आमचं काम म्हणजे रेसिंगच्या गेमसाठी मॉड बनवणं. गेममध्ये नसलेली गाडी किंवा रस्ता आपण घरी तयार करून त्यात घालायचा, मग जगभरातली माणसं त्यावर गाड्या पळवतात. सागर फोटोंवरून टेक्श्चर करतो, म्हणजे रस्त्याला वरची कातडी चढवतो. रणजित टायरची पकड, झीज, घसरणं यांचे आकडे जुळवतो. मी कागलच्या एमआयडीसीतली शिफ्ट संपवून येतो आणि कडेनं झाडं लावतो.

रणजितच्या वडिलांचं, तात्यांचं, गारगोटी रोडला आमच्या फाट्यावर टायर रिमोल्डिंगचं, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवायचं दुकान आहे. त्यांनी पोराला दिवाळीपर्यंत मुदत दिली होती. "चार माणसांस्नी दिसंल असं कायतरी करून दाखव. न्हायतर गप दुकानात बसायचं." त्या धास्तीनं रणजितनं आपला फाट्याचा रस्ताच गेममध्ये घालायला घेतला.

*

टेक्श्चरसाठी डांबराचा अगदी जवळून फोटो लागतो. त्यासाठी सागर भर रस्त्यात पालथा पडला. लगेच गर्दी जमली.

"पावणं, कुणी उडवलं तुमास्नी?"

"कुणी न्हाय. डांबराचा फोटो काढतोय."

शेळ्या घेऊन चाललेल्या एक मावशी थांबल्या, वाकून रस्ता निरखू लागल्या.

"डांबर? कुठं घावलं?"

*

रणजितनं गेमसाठी उसाचा ट्रॅक्टर केला, मागं दोन ट्रॉल्या. पकडीचा आकडा चुकला आणि ट्रॉल्या रस्त्याला अशा चिकटल्या की काही केल्या कडेला सरकेनात. मागं आठ रेसिंग गाड्या, हॉर्न वाजवतायत, आणि हा पठ्ठ्या मधोमध, बैलाच्या चालीनं! रणजितनं डोक्याला हात लावला.

तात्या चहा घेऊन आले होते. ते पहिल्यांदाच खुर्ची ओढून बसले.

"ह्ये मातूर खऱ्यासारखं झालंय," ते म्हणाले. "ह्याला हात लावू नगंस."

*

रस्ता तयार झाल्यावर फिनलंडचा एक टेस्टर मिळाला. त्यानं कळवलं की तुमचा रस्ता जागोजागी फाटलाय, चाक आत जातं, तेवढी चूक दुरुस्त करा. रणजितला राग आला. त्यानं खऱ्या रस्त्याचा फोटो पाठवून दिला.

टेस्टरचा फार हळवा निरोप आला. "माफ करा, मला कल्पना नव्हती. भूकंपात तुमच्या घरचे सुखरूप आहेत ना?"

भूकंप झालेला नाही हे कळवायचं धाडस आमच्यात कुणालाच झालं नाही. सगळे ठीक आहोत, एवढंच लिहिलं. मग परदेशी लोकांसाठी आम्ही त्याच रस्त्याचा गुळगुळीत अवतार केला, पांढऱ्या पट्ट्यांसकट.

*

पोरं खड्ड्यांचे फोटो काढत फिरतायत ही बातमी त्या रस्त्याच्या कंत्राटदारापर्यंत पोचली. तो पांढऱ्या गाडीतून उतरला आणि काही विचारायच्या आधी आमच्यासाठी कटवडा मागवला.

"कुठलं खातं म्हणायचं साहेब?"

"आम्ही गेमवाले."

"ह्ये खातं नवीनच ऐकतोय. म्हंजे थेट दिल्लीवरनं आलाय व्हय?"

त्याचा जीव भांड्यात पडावा म्हणून सागरनं लॅपटॉपवर गुळगुळीत रस्ता दाखवला. कंत्राटदार वडा खायचा थांबला. फाटा त्याच्या ओळखीचा होता, रस्ता नव्हता.

"ह्यो कवा झाला हो?" त्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता मोबाईलनं स्क्रीनचा फोटो काढला.

*

दिवाळीच्या तोंडावर फाट्याच्या रस्त्याचं उद्घाटन निघालं. दोन ठिकाणी खडी पडली होती, बाकी खड्डे जागच्या जागी. मंडपाशेजारी मोठा फ्लेक्स होता. वर हात जोडलेले पुढारी, खाली आमचा रस्ता. पांढरे पट्टे, मी लावलेली झाडं आणि कोपऱ्यात गेमचा आकडा, 'गिअर ४, लॅप २'. मला हसू आवरेना. रणजितचा चेहरा मात्र उतरला, कारण फ्लेक्सपुढं तात्या उभे होते आणि भोवती सगळं गाव.

"ह्यो तू केलायस?" तात्यांनी विचारलं.

"व्हय."

तेवढ्यात पाहुण्यांच्या ताफ्यातली एक गाडी खड्ड्यात आदळली आणि टायर फुटला. मागच्या गाडीचाही फुटला. ड्रायव्हर खाली उतरून टायरवाल्याचं दुकान विचारू लागला. तात्यांनी हात वर करून त्याला दुकान दाखवलं, फ्लेक्सकडं पुन्हा एकदा बघितलं आणि पोराच्या पाठीवर हात ठेवला.

"दुकानात न्हाय बसलास तरी चालंल," ते म्हणाले. "असलं रस्तं मातूर करत ऱ्हा."