धार नसलेला चाकू

आमच्या घरात दोन वस्तूंमधून एक निवडायची चैन कधी कोणाला मिळालेली नाही. साबण आणला तो साबण, चप्पल आणली ती चप्पल. त्यामुळे रोह्याला दिलेली माझी मुलगी पेणला आली, पिशवीतून दोन घडीचे चाकू काढून तिने टेबलावर ठेवले आणि "बाबा, यातला एक ठेवा खिशात" म्हणाली, तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. एकच का नाही आणला?

संशयाला कारण होतं. निडीला आमचं थोडं शेत आहे, हिवाळ्यात तिथे वाल असतो. कंपनीतून निवृत्त झाल्यापासून मी एक दिवसाआड सकाळच्या गाडीने तिकडे जातो आणि संध्याकाळच्या गाडीने परत येतो. दोरी काप, फांदी छाट, पेरू चिरून खा, असली कामं. खिशात चाकू नसेल तर शेतात माणूस नुसता पाहुणा असतो. माझ्या जुन्या चाकूची स्प्रिंग तुटली आणि मुलाने ती संधी साधली. "आता पुरे बाबा. एकट्याने जायचं नाय. कुठं पडलात तर कोणाला कळणार हाय?" बायकोने मान डोलावली. ती त्याच्या कुठल्याच बोलण्याला मान डोलावत नाही, म्हणजे हे आधीच ठरलं होतं. एकटी मुलगी माझ्या बाजूने उभी राहिली. "हात चालतात तोवर जाऊ दे त्यांना," ती म्हणाली. मुलगा कुरकुरत कबूल झाला. "बरं, हात चालतात तोवर."

हे सगळं झाल्यावर आठवड्याभरात दोन चाकू आले. कुठेतरी पाणी मुरत होतं.

ती गेल्यावर मी चष्मा लावून बसलो. एक चाकू काळा, पार्सलने मागवलेला. खोक्यावर मोठ्या अक्षरांत जर्मन पोलाद आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत भलत्याच देशाचं नाव. अर्ध्या पात्याला करवतीसारखे दाते. अंगठ्याच्या एका धक्क्याने उघडायचा, पण मिटायचा तर आतली पट्टी दाबून धरायची, आणि दाबणारं बोट नेमकं पात्याच्या वाटेत. असली वस्तू बनवणाऱ्याने कधी पेरू कापला नसणार. दुसरा रोह्याच्या बाजारातला, लाकडी मुठीचा, दोन्ही टोकांना पितळ. नखाने ओढून उघडायचा. हातात घेतला आणि तो माझाच झाला. खिशातही जड लागत नव्हता.

पण मी काही असा सहज फसणारा माणूस नव्हे. तीस वर्षं फिटर होतो. घासलेल्या शाफ्टवर राहिलेली लोखंडाची कुसळाएवढी कूस डोळ्यांना दिसायची नाही, ती माझ्या अंगठ्याला कळायची. साहेब लोक माप घ्यायची यंत्रं बाजूला ठेवून मला हाक मारायचे. तर मी उजव्या हातात काळा चाकू धरला आणि डावा अंगठा पात्यावरून आडवा फिरवला. दाते लागले. मग लाकडी मुठीच्या चाकूवरून फिरवला. काही नाही. पुन्हा फिरवला. चमच्याच्या दांड्यावरून फिरवावा तसं.

भिंग आणून पाहिलं तर पात्याच्या कडेला बारीक, तिरके ओरखडे. नव्या चाकूला ओरखडे? मग आठवलं, ठेवताना ती म्हणाली होती, "हा मी धार लावून आणलाय हां." नव्या चाकूला धार लावायला कोण जातं? धार घालवायला जातात! सगळं लख्ख दिसलं. म्हातारा लाकडी मूठच उचलणार हे तिला ठाऊक, म्हणून तोच चाकू दगडावर घासून बोथट करून आणला. लहान मुलाच्या हातात द्यावा तसा चाकू. तिचा भाऊ उघडपणे आडवा येत होता, ते मला चाललं असतं. हिने गोड बोलून हे करावं याचा मला फार राग आला, आणि रागापेक्षा वाईट वाटलं.

चार दिवस मी कोणाशी धड बोललो नाही. फोनवर तिने दोनदा विचारलं, "कुठला ठेवलात?" मी म्हटलं, "बघतोय." या चौकशीचीही मी नोंद घेतली.

रविवारी शेतावर पोपटी लावायची होती. वालाच्या शेंगा भरल्या की आम्ही दर वर्षी लावतो. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, बटाटे, अंडी, ओवा, जाडं मीठ, वर पुन्हा पाला, मग मडकं उपडं करून भोवती जाळ. दुपार कलताना सगळे जमले. मुलगा पलीकडे पेंढा आणि काटक्या रचत होता, बायको शेंगा धूत होती. बटाट्यांना चिरा द्यायचं काम माझं. चार चिरा द्यायच्या, पण बुडाशी बटाटा अखंड ठेवायचा, म्हणजे मसाला आत राहतो. मुलगी माझ्यासमोर मसाला कालवत बसली होती.

मी लाकडी मुठीचा चाकू काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "हा कोणी घासलाय?"

"घासला म्हंजे?" ती म्हणाली. "धार लावून आणलाय बाबा. दुकानात बोथट होता."

"व्हय? ही धार? याने लोणी कापून दाखव."

तिचं तोंड एवढंसं झालं. मला तेव्हा बरं वाटलं, हे लिहिताना लाज वाटते. मुलगा काटक्या टाकून आमच्याकडे बघू लागला. आता सिद्धच करून दाखवू म्हणून मी बटाटा डाव्या हातात धरला, पातं टेकवलं आणि बोथट चाकू दाबावा तसा जोर करून दाबला.

चाकू बटाट्यातून गेला तो मला कळलाच नाही. बटाट्याचे दोन तुकडे झाले. बटाटा पांढरा असतो, म्हणून लगेच दिसलं. कापलेली बाजू लाल होत होती. मला आधी तो मसालाच वाटला. मग अंगठा उलटा केला. बुडाशी चांगलं बोटाच्या पेराएवढं कापलं होतं, आणि अंगठा स्वस्थ होता. मी दुसऱ्या बोटाने तो दाबून पाहिला. दुसऱ्या बोटाला अंगठा लागला, अंगठ्याला बोट लागलं नाही.

मान वर केली तर मुलगी माझ्या अंगठ्याकडेच बघत होती.

"काय झालं?" मुलगा तिकडून ओरडला. "खरंच बोथट हाय का गो?"

ती पटकन सरकून माझ्या आणि त्याच्या मधे आली. दोन्ही तुकडे तिने पाल्याखाली ढकलले.

"व्हय रे," ती मोठ्याने म्हणाली. "मीच घासला दगडावर. भीती वाटली म्हणून. चुकलं माझं."

मुलगा हसला. "बाबांना कोण फसवणार?" म्हणत पुन्हा काटक्यांकडे वळला. बायकोने तिला चार शब्द सुनावले. तिने मान खाली घालून ऐकून घेतले. मी माणसांचं खोटं ओळखण्यात आयुष्य घालवलं. हे खोटं माझ्यादेखत बोललं गेलं, आणि मी गप्प बसलो.

ओढणीची किनार फाडून तिने पाल्याच्या ढिगाआड माझा अंगठा घट्ट बांधला.

"दुखतंय?" तिने हळूच विचारलं.

"नाय गो," मी म्हटलं.

त्या दिवशी तिच्यापाशी मी तेवढंच खरं बोललो, आणि ते ऐकून तिला रडू आलं.