पिवळ्या पळसाची शोधाशोध

बुधवारी भर दुपारी पांढरकवड्याच्या पुढे एका फाट्यावर बसमधून उतरले, शिवारात शिरले आणि डोकं धरून मटकन खालीच बसले. ऊन लागलं म्हणून नाही हो... जिकडे पाहावं तिकडे झाडांना पिवळ्या रिबिनी बांधलेल्या होत्या!

थांबा, आधीचं सांगते. मी पळसावर पीएचडी करतेय. (आई नेरमध्ये शेजारणींना सांगते, "पोरगी पत्रावळ्यांचं काहीतरी शिकून राह्यली." असो.) पळस फुलतो केशरी, पण क्वचित एखादा पिवळाधम्मक निघतो. तो तसा का निघतो, ते त्याच्या डीएनएमध्ये शोधायचं, हे माझं काम.

आता या पळसाची एक खोड आहे. फुलतो तेव्हा अंगावर पान नसतं, आणि मला तर कोवळी पानंच हवीत. पानं येईपर्यंत फुलं गळून जातात आणि मग पिवळा कोणता, केशरी कोणता, देवालाही सांगता येणार नाही.

म्हणून फाल्गुनात इथे पिवळा पळस दिसला तेव्हा मी नाचायचीच बाकी होते. त्याला एक पिवळी रिबीन बांधली, कोणाला काही न सांगता निघून गेले, आणि आता मे महिन्यात पानं न्यायला आले. स्वतःला फार हुशार समजत होते मी!

फोनमध्ये लोकेशन होतं की... पण ते नेऊन सोडतं एका धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, आणि त्या धुऱ्यावर पळसांची रांगच उभी. फोटोही होते. सगळे फुलांचे क्लोज-अप, खोडाचा एकही नाही. शाब्बास बाई.

तेवढ्यात मीराकाकू लगबगीनं आल्या, मागोमाग अर्धं गाव. मागच्या वेळी यांनीच मला पाणी पाजलं होतं. "आल्या का मॅडम? आमचे झाडं आंधी लिवा!"

मग उलगडा झाला. हायवे जवळ, त्यामुळे माझी रिबीन पाहून गावानं ठरवून टाकलं की रोड रुंद होणार आणि रिबीनवाल्या झाडाला मोबदला मिळणार. दुकानातल्या रिबिनी संपल्या, मग ओढण्या फाटल्या, मग जुनी धोतरं हळदीत बुडाली. काकूंनी तर अंगणातल्या कढीपत्त्यालाही बांधली होती... कढीपत्त्यातून हायवे जाणार म्हणे!

मी सांगितलं, रोड नाही, मोबदला नाही, मी फक्त पिवळा पळस शोधतेय. सगळ्यांचे चेहरे उतरले. "मंग कायले बांधली वं रिबीन?" काकू कडाडल्या. "आमी तं पत्र्याच्या जागी स्लॅब टाकून बसलो मनातल्या मनात!"

पण गाव हार मानतं होय? पिवळ्या पळसाची काहीतरी स्कीम असणार, असं कोणाच्या तरी डोक्यात आलं, आणि दोन मिनिटांत प्रत्येकाचा पळस पिवळा झाला. "मॅडम, आमचाच तो." "हट, त्याचा कुठला? आमचा!" एका काकांनी तर चक्क कडुनिंबाकडे बोट दाखवलं.

आणि मला रडूच आलं. खरंच आलं. एवढं फिरून हा एकच पिवळा पळस सापडला होता, माझ्या गाइड सरांना छाती फुगवून सांगून झालं होतं, आणि आता पुढच्या फाल्गुनापर्यंत हात चोळत बसायचं.

रडताना पाहून काकू विरघळल्या. मला पाणी दिलं आणि मन रमवायला म्हणून गावातल्या वेड्यांच्या गोष्टी सुरू केल्या. "अवो, आमी रिबिनी बांधून राह्यलो, अन तो किसन आबाजी पहा! त्याच्या झाडाले आयती होती, ते सोडून फेकून देली म्हाताऱ्यानं. यडाच हाय!"

आयती म्हणजे माझीच की! मी ताडकन उभी राहिले. काकू दचकल्या.

रांगेच्या टोकाला, बिनरिबिनीच्या एका पळसाखाली खाट टाकून आबाजी बसले होते. त्या झाडाकडे मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. मला पाहताच ते काठी घेऊन उठले. "रोडवाली हायेस ना तू? पैसा नाई पायजे मले. झाड तोडू देत नाई म्हणजे नाई."

रिबीन दिसल्यापासून हा माणूस रोज इथे राखणीला बसत होता. मी शपथा घेतल्या, काकूंनी घेतल्या, तेव्हा कुठे त्यांनी खिशातून मोबाइल काढला. फोटोत आबाजी, कानावर पिवळं फूल, तोंडभर हसू... आणि मागे हेच वाकडं खोड. अगदी हेच!

हा पिवळा का, ते शोधायचंय म्हटल्यावर ते म्हणाले, "त्यात काय शोधतं? आवडला असन त्याले पिवळा." हे कारण मला कधी सुचलं नव्हतं. सरांनाही नसणार.

मी कटर काढलं तर त्यांनी माझा हात बाजूला सारला. स्वतःच्या हातानं दोन पानं खुडून दिली. "बस." मला बरीच हवी होती, पण मिळाली तीच ओलावा शोषणाऱ्या दाण्यांच्या पुडीत ठेवली.

आबाजी बघत होते. "अन सापडलं तं काय करशीन?"

"मग कदाचित असे पिवळे पळस आणखी लावता येतील, आबाजी."

 मग हात उंच करून त्यांनी एक फांदी ओढली, माझ्यासमोर खाली वाकवून धरली आणि म्हणाले, "मंग घे ना पोरी, लागन तितके."

आबाजी, मनापासून आभार. आता ही पीएचडी सरांसाठी नाही, तुमच्यासाठी नीट करायची आहे.