वारा मोजला ते वर्ष

पन्नाशी उलटल्यावर साखर कारखान्यातली नोकरी सोडून मी पवनचक्क्यांच्या धंद्यात पडलो. राजारामपुरीत एका दवाखान्याच्या वर दोन खोल्या घेतल्या, पाटी लावली. पवनचक्की उभी करायची तर आधी तिथला वारा वर्षभर मोजावा लागतो. आमचा मोजणीचा पहिला खांब बिद्रीच्या पुढं, डोंगरावरच्या एका सपाट, कातळी सड्यावर उभा राहिला. खांब म्हणजे पंचवीस मजली इमारतीएवढी उंच लोखंडी काठी, चहूबाजूंनी तारांनी ताणलेली.

जागा साठीच्या एका बाईंची होती. नवरा वारलेला, मुली सासरी, घरात त्या आणि गोठ्यात तीन म्हशी. मी त्यांना मावशी म्हणायचो, त्या मला पावणं. जागा देताना त्यांनी एवढंच विचारलं, की पवनचक्की आली तर रस्ता होईल का. एवढी मोठी पाती वर न्यायची तर रस्ता करावाच लागतो, असं मी सांगितलं. ते खरंही होतं. त्यांनी त्याच दिवशी सही केली.

वर मोबाईलला रेंज नव्हती. नोंदी आणायला दर पंधरवड्याला मीच जायचो. गाडी खालच्या वाडीत लावायची आणि पाऊण तास चढायचं. माझे गुडघे दोन महिन्यांत बोलायला लागले. मावशी तीच वाट रोज दोन वेळा दुधाची किटली डोक्यावर घेऊन उतरायच्या, डेरी बंद व्हायच्या आत. म्हशी तारांत अडकू नयेत म्हणून त्यांनी जुन्या लुगड्याच्या पट्ट्या तारांना बांधल्या होत्या. मी काही सांगितलं नव्हतं.

पावसाळ्यातले आकडे बघून मी हरखलो. बायकोला दाखवले. ती क्लासच्या मुलांचे पेपर तपासत होती. बघून म्हणाली, चांगलं आहे, आता जेवून घ्या. दिवाळीनंतर वारा पडला. यंत्र बिघडलं असेल म्हणून मी माणसं चढवून ते बदलून घेतलं. नवं यंत्रही तेच सांगू लागलं. पुढचे सगळे महिने मी तो डोंगर नुसता चढत आणि उतरत राहिलो. वर्ष भरलं तेव्हा हिशेब सरळ होता: चार महिने वारा, आठ महिने शुकशुकाट. ज्यांच्या पैशावर पवनचक्क्या उभ्या राहणार होत्या, त्यांनी दोन ओळींत नकार कळवला.

मावशींना सांगायला जायचं मी आठ दिवस टाळलं. गेलो तेव्हा त्या गोठा झाडत होत्या. मी घराच्या पुढच्या सोप्यात बसलो आणि एका दमात सांगून टाकलं. त्यांनी खराटा भिंतीला टेकवला.

"दिवाळीनंतर हितं पाचोळाबी हलत न्हाय. ठावं हुतं की मला," त्या म्हणाल्या.

"मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं, मावशी?"

"तुमी कुटं इचारलंसा?" त्या म्हणाल्या, "आनि इचारलं असतंसा, तरी सांगितलं नसतं. रस्ता झाला असता."

मला राग यायला हवा होता. पण तेवढं त्राण नव्हतं, आणि वर्षभर त्या सड्यावर जाऊन मी या बाईला वाऱ्याबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता, हेही खरंच होतं. त्यांनी भाकरी आणि आमटी वाढली. जेवल्यावर मी तिथंच भिंतीला टेकून झोपलो. जाग आली तेव्हा त्या डेरीला निघाल्या होत्या. त्यांची किटली मी घेतली. अर्ध्या वाटेपर्यंतच दोनदा खाली ठेवावी लागली. दोन्ही वेळा त्या पुढं थांबल्या.

पुढच्या महिन्यात खांब उतरवला. रस्त्यासाठी मी त्यांच्या नावानं अर्ज लिहून दिला, दोनदा त्यांच्याबरोबर पंचायतीतही गेलो. अर्ज अजून तिथंच आहे. मावशी अजून चालतच उतरतात.

मी आता दुसऱ्यांच्या जुन्या पवनचक्क्यांची देखभाल करतो. शिडी चढणं माझ्यानं होत नाही. खाली उभा राहून वरच्या माणसांशी फोनवर बोलतो. बायको मधूनमधून विचारते, बंद का करत नाही. मी म्हणतो, एवढं वर्ष जाऊ दे. मागच्या वर्षीही तेच म्हणालो होतो. ती वाद घालत नाही, डबा भरून देते.