माल्टा ते सायप्रस, अडीच तास

वेबसाइटवर 'प्रवासाचा वेळ' म्हणून नुसता हवेतला वेळ लिहिणाऱ्या माणसाने जन्मात कधी विमानतळावरची रांग पाहिलेली नाही! त्याच्या त्या आकड्यापायी वसईतल्या आमच्या छोट्या ट्रॅव्हल ऑफिसात इतके किस्से साचलेत की सांगताना चहा कमी पडतो. त्यात नंदाखाल गावच्या फिलोमिना टीचरचे सगळ्यात जास्त.

*

टीचरची मुलगी ग्रेसी माल्टाला नर्स, मुलगा नेल्सन सायप्रसला हॉटेलात. वडिलांच्या मयताला नेल्सन आला नाही, तेव्हापासून भावंडांचं बोलणं बंद. आता नेल्सनला मुलगी झाली होती, आणि टीचरच्या घरात पहिल्या बाळाची गॉडमदर, म्हणजे बाप्तिस्म्याला बाळ हातात घेणारी धर्ममाता, आत्याच होते.

"दोघंही मला सांगतात, एकमेकांकडे जायला फार लांब आहे. तू बघ गं, किती लांब?" टीचरनी ऑफिसात येऊन विचारलं.

मी स्क्रीनवर बघितलं. "सतराशे किलोमीटर. अडीच तास."

"एवढ्यात तर माझा आगाशीचा बाजार होतो!"

*

दुसऱ्या दिवशी टीचर परत हजर. "दोन्ही बेटंच ना? मग अर्नाळ्याला जाते तशी बोट असेल की!"

आमचे मालक रॉबर्टकाका हसू दाबत म्हणाले, "असेल टीचर, पण ग्रेसी पोचेपर्यंत बाळाचं लग्न ठरेल!"

*

मी ग्रेसीला फोन लावला. "थेट विमान नाही." नेल्सनला लावला. "थेट विमान नाही." बोलणं बंद, पण उत्तर एकच!

मी सगळ्यात स्वस्त तिकीट शोधलं, तर ते अथेन्सवरून, अख्ख्या दिवसाचं. मला गोड बोलून वेळ मारून नेता येत नाही. टीचरना तसंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "बाप्तिस्मा नंदाखालच्या चर्चमध्ये. दोघांना इथे आण."

*

सून बाळाला घेऊन आधीच आली. मग मी ग्रेसीचं तिकीट काढायला बसले आणि उडालेच. माल्टाहून दुबईमार्गे येणारं तिचं विमान वाटेत सायप्रसलाच थांबत होतं! म्हणजे थेट विमान होतं, स्वस्ताच्या नादात मलाच आधी दिसलं नव्हतं, आणि दोघांनाही ते माहीत नसणं शक्यच नव्हतं.

मी तावातावाने फोन उचलला. समोर बसलेल्या टीचरनी माझा हात धरला. "नेल्सनचंही त्याच विमानाचं काढ. शेजारची सीट. आणि दोघांना सांगायचं नाही हं."

"टीचर, शाळेतही तुम्ही भांडणाऱ्यांना एकाच बाकावर बसवायचात!"

"तुलाच जास्त वेळा बसवलंय."

*

ते येणार त्या दिवशी टीचरचा सकाळपासून फोन. "विमानात सीट बदलून मागितली असेल का गं?" "अगं, नेल्सन चढलाच नसेल तर?" दोघांचेही फोन बंद.

दुपारी आमचा ड्रायव्हर संतोष ऑफिसात आला. त्यानेच त्यांना मुंबई विमानतळावरून नंदाखालला आणलं होतं. पण आला रिक्षाने.

"आले का दोघं?" मी खुर्चीतून उठलेच.

"आले ना."

"मग गाडी कुठाय?" रॉबर्टकाकांनी विचारलं.

"नंदाखालला, टीचरच्या दारात. घर आलं तरी दोघं बोलत बसलेत, उतरायलाच तयार नाहीत. आता टीचरही बाळाला घेऊन गाडीत जाऊन बसल्यात. एसी चालू ठेवून आलोय!"